तो पोचेपर्यंत

केर दिसला की माझं डोकं फिरतं, अजूनही. आणि सेलूच्या आमच्या घरात तर केर हवेतूनच यायचा. जवळच्या गिरणीत सरकी काढायचं जिनिंग सुरू झालं की कापसाची तुसं दारातून तरंगत यायची. कोनाड्यात, हंड्यावर, आईच्या केसांत अलगद बसायची. दिवसातून तीनदा झाडायची मी.

झाडणं म्हणजे नुसती केरसुणी नव्हे. विंचू चावला की शेजारीण लिंबाच्या डहाळीनं झाडायची. जत्रेला सगळी आळी झाडून जायची. आणि आई मला झाडायची, ते तोंडानं.

निजामी राजवटीच्या शेवटच्या हिवाळ्यात थोरला भाऊ चळवळीत पडला आणि हद्दीपल्याडच्या छावणीत जायला निघाला. चुडाव्याला मामाकडे गेलाय, असं लोकांना सांगायचं ठरलं. तो स्टेशनाकडे वळतो न वळतो तोच मी केरसुणी उचलली. आईनं ती हिसकावली आणि मला असं झाडलं की बस्स! गावाला निघालेला माणूस पोचेपर्यंत घर झाडायचं नसतं, एवढं कळत नाही का, म्हणाली.

पण पोचला हे कळवणार कोण? पत्र येण्याची सोय नव्हती. दिवस गेले. तुसांचा थर चढला, घर मऊ झालं, पावलं वाजेनाशी झाली. दुपारच्या तिरप्या उन्हात आई त्या पांढऱ्या धुरळ्यात दाराकडे बघत बसायची. खोटं कशाला बोलू, मला भावाची काळजी होती, तसा केराचा रागही होता.

एके दुपारी आई उठली आणि स्वतःच झाडू लागली. मी धावत तिच्याजवळ गेले.

"काही कळलं का गं?"

"काय बी न्हाई."

"मग झाडायलीस कशाला?"

"गेला म्हणून लय दिवस न्हाई झाडलं. आता त्यो यायलाय म्हणून झाडायले."

पुढे रोज तीच झाडायची, मला हात लावू देत नव्हती. पोलीस झडतीला आले, तेही लख्ख जमिनीवर उभे राहून रिकाम्या हातांनी गेले.

राजवट गेली. त्यानंतर पावसाची उघडीप असताना एका सकाळी भाऊ दारात उभा. वाळलेला, दाढी वाढलेली, गुडघ्यापर्यंत चिखल. माझा स्वभाव ठाऊक, म्हणून उंबऱ्याबाहेरच थांबला आणि पाय धुवायला पाणी मागितलं. मी तांब्या आणायला वळले.

"पाणी राहू दे," आई म्हणाली. "तसाच ये आत."