चढावर दम तोडणारा ट्रॅक्टर

"पंपाची वाट लावलीस माझ्या, चोरा!" खाणवाला गरजला आणि त्याने अशी ठेवून दिली, की साकीनाक्याच्या माझ्या गॅरेजातून उडालेला दात जोगेश्वरीत पडला असावा. दसऱ्याआधी मी डिझेल पंप दुरुस्त करून दिलेला त्याचा ट्रॅक्टर चढावर दगड ओढेना. त्याने पहार उचलली. डोकं वाचवायचं तर बिघाड तिथेच सापडायला हवा होता. दारात आणून उभ्या केलेल्या ट्रॅक्टरचं चालू इंजिन काळाकुट्ट धूर ओकत होतं. म्हणजे डिझेल भरपूर, हवाच कमी. मी एअर क्लीनरवर झेपावलो. पूजेच्या झेंडूखाली, हवेच्या तोंडावरच लाल खण करकचून बांधलेला! टर्रकन फाडला, तसं इंजिन डरकाळ्या फोडू लागलं.

"कुणी बांधला हा?" मी रक्त थुंकत विचारलं.

"मीच. देवीचा खण आहे, फाडायचा नव्हता."