जिजामावशींचा बैल, किसनदादांच्या नावावर

पंचनामा अर्ध्यावर थांबला. वीज पडून मेलेला बैल समोर, बांधावर आडवा. जनावरांच्या डॉक्टरांनी त्याच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा नंबर मोबाइलमध्ये टाकला. मालक म्हणून नाव आलं किसनदादांचं. बैल तर शेजारच्या जिजामावशींचा.

इगतपुरी तालुक्यातली वाडी. मी शेतकऱ्यांच्या संघटनेत काम करते. पत्रकं लिहिणं आणि ऑफिसात भांडणं, दोन्ही माझ्याकडे. नैसर्गिक आपत्तीत जनावर दगावलं तर सरकार मदत देतं. पण बिल्ला ज्याच्या नावावर, पैसे त्याच्या खात्यात. चिखलणी तोंडावर आलेली, म्हणजे भात लावण्याआधी खाचरात चिखल करायचा. एकट्या मावशींना त्याआधी दुसरा बैल हवा होता.

घोळ झाला तो सावडीमुळे. इकडे एक बैल आपला, एक शेजाऱ्याचा, दोघांची मिळून जोडी. ती आलटून पालटून दोन्ही शेतांत चालते. बिल्ले मारायचा कॅम्प लागला तेव्हा मावशी माहेरी होत्या. किसनदादांनी जोडी नेली. कॅम्पवाल्याने विचारलं, जोडी कुणाची? दादा म्हणाले, आमचीच. सावडीत असंच म्हणतात.

"सोपं आहे," तलाठी भाऊसाहेब म्हणाले. "किसनराव, तुम्ही सही करा. पैसे आले की यांना देऊन टाका."

"नाय जमायचं."

माझं डोकं फिरलं. "का? मावशींचे पैसे खायचेत का, दादा?"

"पैसे कोन खातंय, ताई? माझा बैल तो काय, रवंथ करतोय. तो मेला म्हून सही करू? जित्या जनावराचं?"

"अहो, फक्त कागदावर," भाऊसाहेब म्हणाले.

"मंग कागदावर तुमची म्हैस मारा ना, भाऊसाहेब."

मावशी पदराने डोळे पुसत होत्या, त्यातच हसल्या. "नाय करायचा त्यो. लय हट्टी हाय. माझा बैल बरा, हाकलं की चालायचा."

मग मी तिथेच तहसीलवर मोर्चा जाहीर केला.

"माणसं कुठून आणशील, बाय?" मावशी म्हणाल्या. "समदी चिखलात हायेत."

मोर्चा बारगळला. मी भाऊसाहेबांकडे वळले. "जोडी कोणाची, सगळ्या वाडीला माहितीय. पंच कशाला असतात मग? त्यांचे जबाब घ्या."

"वर चालेल का हे?"

"चालवायचं मी बघते. तुम्ही लिहा तर खरं."

पंच चिखलाच्या पायांनी आले. बिल्ला किसनचा, बैल जिजाबाईचा, असं सगळ्यांनी सांगितलं. भाऊसाहेबांनी कुरकुरत का होईना, लिहून घेतलं. तहसीलमधून फाइल परत आली. मी जाऊन भांडले. पुन्हा परत आली. पुन्हा भांडले.

मी तिकडे टेबलांवर हात आपटत असताना किसनदादा मेहुण्याचा बैल घेऊन आले. तो आपल्या बैलाशेजारी जुंपला आणि पहिली चिखलणी मावशींच्या खाचरात केली, आपली मागून. "सावड मोडली नाय अजून," एवढंच म्हणाले.

मदत शेवटी मावशींच्याच खात्यात आली. तोवर भात पोटरीत आला होता, लोंब्या फुटायच्या बेतात. मावशींनी एक गोऱ्हा घेतला. तो औताला येईल पुढच्या वर्षी.

या मदतीला सरकार तातडीची म्हणतं. जनावराला बिल्ला मारताना मालकाने स्वतः हजर राहावं, हे मी आता प्रत्येक पत्रकात लिहिते. आणि खरोखरच तातडी असेल, तर आधी शेजारी चांगला बघून ठेवावा.