महादेव सरांनी सोडलेला जिताडा

महादेव सरांनी पेणच्या एका हायस्कुलात जन्मभर भूगोल शिकवला, पण गावात त्यांचं नाव निघालं की कोणाला नकाशा आठवत नाही, गरी आठवते. दोरा, गळ आणि काठी घेऊन पाण्याकडे बघत बसणं हा त्यांचा खरा विषय. भूगोल पोटासाठी होता. निवृत्तीनंतरची त्यांची पहिली खरेदी म्हणजे रीळ लावलेली विलायती काठी, आणि दुसरी म्हणजे त्या काठीची गवसणी. अनिताबाईंना त्या वर्षी दिवाळीची साडी झाली की नाही, याबद्दल नवराबायकोत अजून एकमत नाही.

रविवारी भरतीची वेळ बघून सर स्कूटर काढत. कधी लांब रेवदंड्याला समुद्राच्या खडकांवर, पण बहुधा डोलवीच्या बाजूला, खाडीवर. खारं पाणी अडवणाऱ्या तिथल्या खारबांधाला एक उघाडी आहे, म्हणजे शेतातलं पाणी खाडीत सोडायचं दार. समुद्राचं पाणी चढलं की लहान मासळी त्या दाराशी गोळा होते आणि तिच्यामागे जिताडे येतात. सर तिथे दगडावर बसकण मारत. आमिषावर त्यांचा एक खास उपाय होता. हुकाच्या दांडीला ते नेलपॉलिश लावत. चकाकलं की मासा फसतो, असं त्यांचं मत. नेलपॉलिश अर्थातच घरातली. अंतराच्या, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलीच्या साखरपुड्यासाठी अनिताबाईंनी अख्खं पेण पालथं घालून साडीला शोभेशी चिंतामणी रंगाची बाटली मिळवली होती. तिच्यातली निम्मी नखांना लागली आणि निम्मी खाडीत गेली.

पूर्वी सर धरलेला मासा मुकाट घरी आणत. दोन-चार जास्त मिळाले तर आळीत वाटत. मग मोबाइल आला आणि त्यात ते परदेशी लोक आले. हे लोक दिवसभर खपून हातभर मासा धरतात, त्याच्यासोबत फोटो काढतात, त्याचा मुका घेतात आणि त्याला परत पाण्यात सोडतात. सरांनी एक अख्खा पावसाळा हे बघण्यात घालवला आणि शेवटी एका सकाळी पोह्यांच्या बशीवर जाहीर केलं, "यापुढे माझ्या गळाला लागलेला मासा मरणार नाही."

अनिताबाईंनी विचारलं, "मग कोणाच्या गळाला लागलेला आणायचा?"

प्रश्न रास्त होता. मासे सोडायचं ठरलं होतं, खायचं सोडायचं कोणी म्हटलंच नव्हतं. तेव्हा नवीन पद्धत अशी पडली की सर खाडीवर जात, मासा धरत, फोटो काढत, सोडत आणि परतताना बाजारात मासे विकणाऱ्या बायजाबाईंकडून दुसरा मासा घेऊन घरी येत. खाडीत पुण्य आणि बाजारात रस्सा. बायजाबाई त्यांना लांबून बघूनच पाटीवरचं फडकं बाजूला करीत. "सर, आज पन सोडलात? बरं केलात. तुमी सोडा, आमी धरू."

सरांना यात काही विसंगत वाटत नसे. उलट त्यांच्या चालण्यात एक पावित्र्य आलं होतं. शेजाऱ्याने चिकन आणलेलं दिसलं तरी ते मान हलवत. घरात मात्र त्यांची डाळ शिजत नसे. अंतरा म्हणे, "बाबा, खायचा नाही तर टोचायचा कशाला? भूक लागली म्हणून मारलं तर एकवेळ समजतं."

"माशाला आपल्यासारखी वेदना होते की नाही, याबद्दल शास्त्रज्ञांत वाद आहे."

"वाद आहे, कारण माशाला कोणी विचारलेलं नाही."

यावर सर काठीला तेल लावायला उठत.

घरात आणखी एक माणूस होतं, सरांच्या सासूबाई, आनंदीबाई. त्या गागोद्याच्या, म्हणजे भूदानाच्या आचार्यांच्या जन्मगावच्या. सर कौतुकाने सांगत, "आमची सासुरवाडीच गागोद्याची, अहिंसा आमच्या घरात माहेरवाशिणीसारखी आली." प्रत्यक्षात आनंदीबाईंना सुकटीची चटणी नसेल तर भाकरी उतरत नसे, आणि जावयाच्या अहिंसेकडे त्या, नातवंडाने मातीचा भात रांधावा तसं बघत. खोटं आहे, पण पोर रमलंय ना, रमू दे.

आणि मग तो रविवार आला. भरती चढत होती, पलीकडे कंपनीच्या चिमण्या धूर सोडत होत्या आणि सरांच्या रिळाने एकदम किंचाळायला सुरुवात केली. पुढचा वेळ त्यांचा त्यांनाच नीट आठवत नाही. गुडघ्यापर्यंत चिखल, एक चप्पल गेलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. शेवटी बांधाशी आला तो जिताडा. सरांनी जन्मात बघितला नव्हता एवढा. रुपेरी अंग, कण्याशी काळसर झाक आणि डोळ्यात ती दिव्यासारखी चमक.

इकडे जिताडा हा नुसता मासा नव्हे, तो मान आहे. साहेबाकडे काम अडलं तर जिताडा, जावई पहिल्यांदा आला तर जिताडा, व्याह्यांकडे जायचं तर जिताडा. असा मान पायाशी तडफडत पडलेला आणि आपण प्रतिज्ञा केलेली. सरांच्या मनात काय झालं ते त्यांचं त्यांना माहीत. एवढं खरं, की त्यांनी फोटो काढला आणि हूक काढायला माशाचं तोंड उघडलं, तर हूक दिसेना. माशाने तो पार घशात गिळला होता. चिमटा घालून ओढलं तर रक्त यायला लागलं. मोबाइलमधले लोक अशा वेळी काय करतात ते सरांना पाठ होतं. त्यांनी दोरा तोंडापाशी कापला, माशाला पाण्यात धरून पुढेमागे केलं, आणि हात सोडला. मासा क्षणभर तिथेच थांबला. मग शेपटीचा एक फटका, सरांच्या तोंडावर गढूळ पाणी, आणि गेला.

सर बांधावर बसून रडले. हे त्यांनीच नंतर सगळ्यांना सांगितलं, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही.

सांगितलं म्हणजे किती सांगितलं. दूधवाल्याला, न्हाव्याला, पेन्शनच्या रांगेत. "एवढा मोठा जिताडा म्हणजे मादीच. लहानपणी नर असतात, मोठेपणी मादी होतात," असा शास्त्राधार देऊन ते त्या माशाला 'ती' म्हणायला लागले. ती कशी आली, तिने कसं बघितलं, ती कशी गेली. अनिताबाई दोन दिवस ऐकून म्हणाल्या, "आमच्या लग्नाचं तरी एवढं वर्णन कधी ऐकलं नाही." गोष्टीचा शेवट ठरलेला होता. सर आवाज खाली आणत आणि म्हणत, "आणि आज, या क्षणी, ती तिच्या पाण्यात सुखाने पोहत असेल."

आनंदीबाईंनी एकदाच विचारलं, "आनि गळ?"

"तो गंजून आपोआप पडतो."

"कदी?"

सरांना तारीख माहीत नव्हती.

"तुमच्या घशात मागं बोयचा काटा अडकला, तवा किती नाचलात, आठवतंय ना? मी कोरड्या भाताचं गोळं करून दिलं, तवा उतरला." आनंदीबाई सुपारी कातरत म्हणाल्या, "तिला भात कोन देनार, जावईबापू?"

सर हसले. पण ते वाक्य त्यांच्या डोक्यातून जाईना. त्या आठवड्यात ते दोनदा उगाच उघाडीवर जाऊन आले, काठी न घेता. मेलेला मासा वर तरंगलेला नाही ना, हे बघायला. काही तरंगत नव्हतं. म्हणजे ती जिवंत आहे, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. ती जिवंत असायलाच हवी होती. नाहीतर एवढ्या दिवसांच्या बोलण्याला, पावित्र्याला आणि त्या रडण्याला काय उरत होतं?

पुढच्या रविवारी रोह्याजवळच्या वरशाहून व्याही येणार होते. विठोबा आणि विमलबाई, भाताचं आणि वालाचं शेत राखून असलेली माणसं. मुलगा नितेश डोलवीच्या कंपनीत शिफ्टमध्ये, त्यामुळे तो येऊ शकला नाही. साखरपुड्यानंतर पहिलीच भेट. विठोबा दारात आले ते हातात भलीमोठी पिशवी धरून. पिशवीतून शेपटी बाहेर आली होती.

"रोह्यासून आनला असता तर वाटंत उन्हानं गेला असता," ते म्हणाले. "म्हनून हितंच बाजारात घेतला. बायजाबाय म्हनून हाय एक, तिच्याकडं. सकाळचाच हाय, खाडीतला."

घरातल्यांनी तोंडात बोटं घातली. जिताडाच होता, आणि लहान नव्हता. सरांनी व्याह्यांना मिठी मारली. मासा आत गेला, चहा बाहेर आला, आणि विठोबा म्हणाले, "नितेश सांगत व्हता, तुमी म्हनं असाच एक सोडलात. ते जरा सांगा की."

सरांना आग्रह कधीच लागला नव्हता. त्यांनी चहा बाजूला ठेवला. भरती आली, रीळ किंचाळलं, चप्पल गेली. विमलबाईंनी पदर तोंडाशी धरला. मासा बांधाशी आला, हूक घशात दिसेना, सरांनी दोरा कापला, आणि आतून अनिताबाईंनी हाक मारली. साधीच हाक, पण तीस वर्षं संसार केलेल्या माणसाला तिच्यातलं कळतं.

स्वयंपाकघरात विळीजवळ अनिताबाई बसल्या होत्या. शेजारी आनंदीबाई. ताटात माशाचं डोकं, आणि अनिताबाईंच्या तळहातावर एक हूक. त्याला वीतभर दोरा. दांडीवर, रक्त पुसल्यावर, चिंतामणी रंग.

"घशात रुतला होता," त्या म्हणाल्या. "आणि पोटात काही नाही हो. एक कोळंबीसुद्धा नाही. एवढं मोठं जनावर, पण उचलताना हाताला हलकं लागलं."

सर बघत राहिले. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असं म्हणायची सोय नव्हती, कारण पीठ त्यांच्याच घरी आलं होतं.

"बाहेर काही बोलू नका," अनिताबाई हळू म्हणाल्या. "त्यांनी मानाने आणलाय. हा माझाच मासा म्हणालात तर काय वाटेल त्यांना? अंतराला तिथे नांदायचंय."

सर हूक मुठीत घेऊन बाहेर येऊन बसले. बोलणं जिथे थांबलं होतं तिथेच सगळे थांबून होते.

"मंग?" विठोबा म्हणाले. "दोरा कापलात. मंग?"

"मग सोडली."

"आनि आता कुठं असंल ती?"

शेवट तयार होता. गावभर सांगून गुळगुळीत झालेलं एकच वाक्य होतं, आणि ते म्हटलं की व्याह्यांचा मान, सरांचा मान, सगळं जागच्या जागी राहत होतं. सरांनी आवाज खाली आणला. तोंड उघडलं. आतून फोडणीत लसूण पडल्याचा वास आला.

"आत आहे," सर म्हणाले. "तुम्ही आणलीत."

विठोबांना आधी समजलं नाही. समजल्यावर त्यांचा चेहरा ताठ झाला. "सर, गरी टाकनारा परत्येक मानूस मोठा मासा आपलाच म्हनतो. पन दुसऱ्यानं मानानं दिलेला पन?"

सरांनी मूठ उघडून हूक टीपॉयवर ठेवला. विमलबाई वाकून बघायला लागल्या. अंतरा पाण्याचे ग्लास घेऊन आली होती. तिने हूक बघितला, बापाचा चेहरा बघितला, आणि आपलं बोट हुकाशेजारी टेकवलं. नखाचा रंग आणि हुकाचा रंग एकच होता.

विठोबांनी हूक उचलला, त्याच्या टोकाजवळच्या उलट्या काट्यावरून अंगठा फिरवला. राग त्यांच्या तोंडावरून गेला होता. त्यांनी आयुष्यभर बैल बाळगले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजे आठवडाभर उपाशी व्हती?"

"हो," सर म्हणाले. "मी उपाशी ठेवली."

जेवण झकास झालं, यात वाद नाही. अनिताबाईंच्या हाताला चव आहे, आणि विमलबाईंनी दोनदा रस्सा मागून घेतला. डोकं मानाचं म्हणून व्याह्यांना वाढलं, तर विठोबांनी ते उचलून सरांच्या ताटात ठेवलं. "तुमचंच हाय. आता टाकू नका त्यातलं काय."

सरांनी टाकलं नाही. एकेक हाड चोखून त्यांनी ताटाच्या कडेला लावलं, कोणाकडे न बघता. शेवटचा घास मात्र तोंडातच फिरत राहिला. त्यांनी पाणी प्यायलं, परत प्यायलं.

"काटा अडकला?" आनंदीबाईंनी विचारलं.

सरांनी मान हलवून नाही म्हटलं. जिताड्याचे काटे जाड असतात, ते घशात अडकत नाहीत, हे आनंदीबाईंनाही ठाऊक होतं. तरी त्यांनी आपल्या ताटातला कोरडा भात घेतला, मुठीत दाबून त्याचा गोळा केला आणि जावयाच्या हातावर ठेवला.

"न चावता गिळा."

सरांनी गिळला. उतरेना. आनंदीबाईंनी दुसरा वळायला घेतला.