पाठ टेकायला भिंत

आमच्या घरात भिंतीला पाठ टेकून बसायची कोणालाच सवय नव्हती, कारण टेकण्याजोगी भिंत आम्हाला कधी मिळालीच नाही. तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला आमचा पाडा. तिथलं घर कुडाचं, म्हणजे कारवीच्या काठ्यांवर शेणमातीचा लेप. त्याला टेकलं की काठी टोचते आणि माती पाठीवर उतरते. दिवाळीनंतर भाताचं काम आटोपलं की सगळं घर भिवंडीकडे वीटभट्टीवर निघायचं, ते पावसाच्या तोंडावर परत. भट्टीवरची झोपडी विटांचीच असायची, पण विटा नुसत्या एकावर एक रचलेल्या. मधे ना सिमेंट ना माती. लहानपणी मी एकदा विसरून टेकले, तर वरची वीट पलीकडे गेली ती थेट शेजारणीच्या शिजत्या भातात. शेजारीण ओरडत आली. मोठी आय चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "अगो, लोक भातात मीठ घालतात, आमच्या पोरीने वीट घातली. बस आता, आमच्यातलं जेव." ती बाई रागावून आली होती, आणि जेवून गेली.

मोठी आय म्हणजे माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची बायको. माझी आई मी तिसरीत असताना तापाने गेली, तेव्हापासून मी हिच्याच हाताखाली वाढले. तिचा नवरा, ज्याला मी मोठा बा म्हणते, तिचा मुलगा रमण, माझे बाबा, मी आणि ती, एवढं आमचं घर. रमण मिसरूड फुटल्यावर भट्टी सोडून गुजरातच्या मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून जायला लागला. नारळी पौर्णिमेनंतर जायचा, तो सणावाराला मालकाने सोडलं तर यायचा, नाहीतर एकदम उन्हाळ्याच्या शेवटी.

तिची एक खोड सगळ्या पाड्याला माहीत होती. रिकाम्या हाताने ती घरात शिरायची नाही. रानातली भाजी, मालकाला विचारून उचललेला वाडीतला गळून पडलेला चिकू, कोंबडीचं पीस, आणि काहीच मिळालं नाही तर चुलीला एक काटकी. भट्टीवरच्या त्या रचलेल्या विटांच्या झोपडीतसुद्धा हाच नेम. "घर दिवसभर एकटं असतं," ती म्हणायची. "आपण हात हलवत आलो तर त्याला काय वाटेल?"

मोठा बा तिला चिडवायचा. "हिला जाळायला नेली तरी येताना लाकूड घेऊन येईल."

"येईन तर! तुमच्या अंघोळीचं पाणी कोण तापवणार?"

२०१४ साली मी बारावी पास झाले आणि डहाणूला कॉलेजात गेले. आमच्या पाड्यातून कॉलेजात गेलेली पहिली मी. हे मी लपवत नाही, कोणी विचारलं नाही तरी सांगते. होस्टेलवरून सुट्टीला घरी आले की मोठी आय मला समोर बसवायची आणि म्हणायची, "काय शिकवलं ते सांग. नुसतं पास झाले म्हणू नको." माझा विषय इतिहास. मी राजांचं सांगायचे, लढायांचं सांगायचे. तिला लढायांशी काही घेणं नव्हतं.

"ते राजे जेवायचे कसे?"

"पाटावर. नाहीतर गादीवर, लोडाला टेकून."

"म्हणजे पाठ त्यांचीही दुखायची," ती समाधानाने म्हणाली. भट्टीवर उकिडवं बसून विटा थापण्यात तिचा जन्म गेला होता. पाठीचा विषय निघाला की तिला राजासुद्धा आपल्यातला वाटायचा.

२०१७ ला मी बी.ए. झाले आणि सरावलीला एका खासगी दवाखान्यात नाव-नोंदणीच्या टेबलावर लागले. त्या वर्षी दिवाळी झाली, भात झोडून झाला, आणि आमचं घर पहिल्यांदा भट्टीवर गेलं नाही. मुकादम बोलवायला आला होता. मोठ्या आयने त्याला कोरा चहा पाजला आणि सांगितलं, "यंदा आमच्या पोरीची कचेरी आहे. आम्हाला सवड नाही." त्याच हिवाळ्यात कॉलेजात पदवी देण्याचा कार्यक्रम झाला. मी तिला घेऊन गेले. नवी साडी नेसून ती पहिल्या रांगेत जाऊन बसली. तिथून उठवलं तेव्हा दुसऱ्या रांगेत बसली, पण मागे काही गेली नाही.

कार्यक्रम संपल्यावर तिला किनाऱ्यावर नेलं. मुलगा इतकी वर्षं बोटीवर, पण तिने समुद्र पाहिला नव्हता.

"यातच आहे ना रमण?"

"यातच. पण लांब, वर गुजरातेत."

"मग आपलाच म्हणायचा हा," ती म्हणाली, आणि माझ्या पिशवीतली पाण्याची बाटली काढून, पाणी ओतून देऊन, चपला हातात घेऊन आत शिरली. "घराला समुद्र दाखवते."

ती बाटली दोन दिवस कुडाला टांगून होती. तिसऱ्या दिवशी तिच्या मनात काय आलं, मिठाऐवजी तेच पाणी तिने उडदाच्या दाळीत घातलं. मोठ्या बाने एक घास घेतला आणि थांबला. "ही दाळ आहे की खाडी?"

"मुलगा रोज यात भिजतो, तुम्हाला एक घास गिळवत नाही?" असं म्हणून तिने स्वतः घास घेतला. तिचंही तोंड वाकडं झालं. मग जी हसायला लागली ती थांबेचना. नागलीची भाकरी आणि मिरची एवढ्यावर आम्ही त्या दिवशी जेवलो, आणि इतकं हसत आम्ही क्वचितच जेवलो असू.

त्याच सुमाराला आमचं घरकुल मंजूर झालं. विटांचं घर. मोठ्या बाला ते नको होतं. "कुडाचं घर उन्हाळ्यात गार असतं. विटांच्या पेटीत बसून काय भाजून घ्यायचं?"

मोठी आय एरवी त्याचं बोलणं हसण्यावारी न्यायची. या वेळी हसली नाही. "सगळा जन्म दुसऱ्यांच्या विटा थापल्या. एकदा आपल्या भिंतीला पाठ टेकून जेवायचं आहे मला. आपण पाची जण, एका ओळीत. नवा भात, आणि पाठीला भिंत. मग मेले तरी चालेल."

"मरायचं कशाला मधे आणतेस?"

"मग भिंत आणा!"

भिंत आली. टेम्पोतून विटा उतरताना ती एकेक हातात घेऊन बघत होती. म्हणाली, "ओळखीच्या वाटतात. यातल्या दोन-चार मीच थापल्या असतील." पावसात काम अडलं, रमण सुट्टी संपवून बोटीवर परत गेला, आणि २०१८ च्या दिवाळीच्या महिनाभर आधी घर पुरं झालं. पुढच्या खोलीची ती लांब भिंत, तिला आकाशी रंग दिला होता. आम्ही राहायला गेलो. पहिल्या दिवशी मोठा बाच आधी टेकला, पाय पसरून, जसा काही तोच घरासाठी भांडला होता. बाबा टेकले. मीही टेकले.

ती टेकली नाही. भिंतीपासून वीतभर पुढे बसून जेवली.

"अगं, टेक की," मी म्हटलं.

"रमण आला की. पाचही पाठी एकदम लावायच्या. देवाजवळ बोलले आहे मी."

आमच्याकडे नवा भात असाच कोणी शिजवून खात नाही. आधी देवाला दाखवायचा, मग सगळ्या घराने बसून खायचा. तिने दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्या होत्या, नवा भात आणि नवी भिंत. रमण दिवाळीला येतो म्हणाला होता. मालकाने सोडलं नाही. नवा भात कणगीत भरलेला, आणि आम्ही रेशनचा खात होतो. मोठा बा कुरकुरला तर म्हणाली, "कणगीत आहे ना? मग पोट भरलंच समजा." आणि रोज दोन्ही वेळा ती त्या भिंतीपुढे वीतभर अंतर ठेवून बसत राहिली.

दिवाळी झाली आणि जमीन हलायला लागली. आमच्या भागात असं आधी कोणी पाहिलं नव्हतं. आधी जमिनीतून गाडी गेल्यासारखा आवाज, मग भांडी वाजायची, मग सगळे बाहेर. एकदा होऊन थांबलं नाही, दिवसामागून दिवस, आठवड्यामागून आठवडे. दुसऱ्या की तिसऱ्या मोठ्या धक्क्याला पुढच्या खोलीच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत भेग गेली. बोट आत जाईल एवढी. शेजारचं जुनं कुडाचं घर नुसतं डोललं आणि तसंच उभं राहिलं. मोठा बा काही बोलला नाही. त्याच्या न बोलण्याचंच तिला जास्त लागलं असावं. तीच म्हणाली, "देवाने हलवून बघितलं, पक्कं आहे की नाही. नव्हतं."

सगळा पाडा ताडपत्र्यांखाली राहायला आला. आम्हीही अंगणात. तिथेही तिने घर मांडलं. कॅलेंडर आंब्याला टांगलं, देव खोक्यावर बसवले, आणि ताडपत्रीखाली वाकून शिरतानासुद्धा हातात काहीतरी असायचंच. मी सरावलीहून आले की दवाखान्यातलं जुनं मासिक का होईना, आणायचे. नाहीतर ती लांबूनच म्हणायची, "हात दाखव." आणि रोज सकाळी आपल्या बंद घराच्या खिडकीपाशी जाऊन विचारायची, "काय बाबा, बरा आहेस ना?"

धक्क्यांची बातमी ऐकून रमण बोटीवरून निघून आला. मालक काय म्हणाला ते त्याने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. त्याला पाहिल्यावर मोठी आय माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ, जे दिवाळीने केलं नाही ते धरणीमातेने केलं. पोराला घरी आणलं." त्या दिवशी दुपारी तिने कणगीतला भात काढला, उखळात सडला, शिजवला, देवाला दाखवला. अंगणात, ताडपत्रीखाली, आम्ही पाचही जण बसलो. नवा भात होता, सगळे होते. भिंत नव्हती.

तिने आमच्याकडे बघितलं. मग उठून माझ्या मागे आली, माझ्याकडे पाठ करून बसली आणि तिची पाठ माझ्या पाठीला लावली. "तुम्हीही लावा रे." मोठा बा आणि बाबा, दोन म्हातारे भाऊ, लाजत लाजत पाठीला पाठ लावून बसले. रमण खांबाला टेकला. तिने पहिला घास घेतला. तिच्या चावण्याची हालचाल मला पाठीत कळत होती.

"ही भिंत बरी," ती म्हणाली. "गरम पण आहे." आणि दोन घासांनंतर, "पण ही लटकी हं. खरी बाकी आहे. विसरू नका कोणी."

त्या वर्षी थंडी फार होती आणि पहाटे ताडपत्रीतून दव ठिबकायचं. तिला खोकला झाला, मग ताप. आम्ही तिला डहाणूला दवाखान्यात नेलं. खाट भिंतीला लागून होती. नर्स म्हणाली, "आजी, मागे टेकून बसा, श्वास बरा लागेल." ती टेकेना. मी समजावलं, रमणने समजावलं.

"ही परक्याची आहे," ती म्हणाली. शेवटी मी खाटेवर चढून तिच्या मागे बसले, तेव्हा टेकली. जरा वेळाने विचारलं, "घरी जाताना काय न्यायचं गो? इथे तर काहीच नाही."

"बघू आपण," मी म्हटलं.

ती दोन दिवसांनी सकाळी गेली. टेम्पोतून आणताना पाड्याच्या अलीकडे बाबांनी गाडी थांबवायला सांगितली. उतरले, बांधावरच्या बोरीची मूठभर बोरं तोडली आणि परत येऊन बसले. तिला अंगणात ठेवलं. घरात नेता आलं नाही, कारण धक्के चालूच होते. बोरं बाबांनी बंद घराच्या उंबऱ्यावर ठेवली.

माणूस जातंच. मी शिकलेली आहे, मला ते समजतं. मला वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. दिवाळीच्या आधी महिनाभर भिंत धड होती. कोरी, आकाशी, कुठे ओरखडासुद्धा नव्हता. ती तिच्यापासून एक वीत दूर बसून जेवत होती, रोज, रमणची वाट बघत. नुसतं मागे सरकायचं होतं.

२०१९ चा पाऊस झाल्यावर आम्ही ती भिंत पाडली. जमीन अजून अधूनमधून हलत होती, पण कमी. गवंड्याने चारी कोपऱ्यांत सळया घातल्या, खिडकीच्या वर आणि खाली काँक्रीटचा पट्टा ओतला, आणि भिंत पुन्हा उभी केली. रमण बोटीवर गेला नाही, गवंड्याच्या हाताखाली त्यानेच विटा दिल्या. रंग आकाशीच दिला. दिवाळीनंतर नवा भात निघाला, तो देवाला दाखवला. मोठा बा, बाबा, रमण आणि मी एका ओळीत बसलो. चौघांनी एकदम मागे सरकून पाठी लावल्या, आणि जेवलो. भिंत पक्की आहे.