जसं लिहिलंय तसंच

माझ्या मामाने आजवर तीनशे बारा लेख वाचून ठेवले आहेत. इंटरनेटवर एक मुक्त ज्ञानकोश आहे, कुणीही लिहावा आणि कुणीही सुधारावा असा. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी काही हौशी माणसं त्यातले लेख मोठ्याने वाचतात आणि रेकॉर्ड करून तिथे चढवतात. मामा त्यांच्यातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात शिस्तीचा. ज्वालामुखी, गोगलगाय, शिसं, मूत्रपिंड, दशमान पद्धत, सगळं त्याच्या आवाजात आहे. ऐकणारे त्याला पत्रं लिहितात, तुमच्या आवाजात किती प्रामाणिकपणा आहे म्हणून. ती पत्रं मी हल्ली उघडत नाही.

मामा कागद कारखान्यात टाइमकीपर होता. कोण किती वाजता आत गेलं, किती वाजता बाहेर आलं ते लिहायचं आणि पाळी सुटली की भोंगा वाजवायचा, हे काम त्याने चौतीस वर्षं केलं. आवाजही तसाच दणदणीत, म्हणून कामगारांनी त्याचं नावच भोंगा ठेवलं होतं. लग्न केलं नाही. आमच्या मागच्या गल्लीत त्याची एक खोली आणि स्वयंपाकघर आहे. रेकॉर्डिंग करताना तो लाकडी कपाटातले कपडे बाजूला सारून आत स्टूल ठेवतो, अंगावरून रजई घेतो आणि गुडघ्यावर टॉर्च धरून वाचतो. असा कपाटात बसलेला म्हातारा पाहून कुणालाही हसू येईल, मलाही यायचं.

मी एका दंतवैद्याच्या दवाखान्यात नोंदी ठेवते. दिवसभर लोकांचे दात, संध्याकाळी मामाचा घसा. त्याने वाचलेलं माझ्याकडे यायचं, मी त्यातला खोकला, खाकरणं, गल्लीतल्या स्कूटरचा आवाज कापून ते साफ करायचे. वाचताना चुकलं की मामा एक टाळी वाजवायचा आणि ते वाक्य पहिल्यापासून वाचायचा. कॉम्प्युटरच्या पडद्यावर टाळीची उभी रेघ लांबूनही दिसते, म्हणजे कुठे कापायचं ते शोधत बसावं लागत नाही. ही युक्ती त्याचीच. त्याचा दुसरा नियम म्हणजे जसं लिहिलंय तसंच वाचायचं. लेखात धडधडीत चूक दिसली तरी तोंडाने सुधारायची नाही. आधी लेख सुधारून घ्या, त्याला पुरावा द्या आणि मग वाचा. एकदा एका पोरीने वाचताना एका राजाच्या नावापुढे ‘महान’ लावलं, तर मामाने तिला दोन पानी पत्र पाठवलं होतं. या वाचणाऱ्यांचा समन्वय पाहणाऱ्या बाईंनी नव्या लोकांना शिकवायला तेच पत्र ठेवलं आहे.

हे सगळं त्याने सुरू केलं माझ्या आईसाठी. आई त्याची धाकटी बहीण. तिला वाचायचं भयंकर वेड. कारखान्यात लगदा करायला जुनी पुस्तकं पोत्यांनी यायची. ती तिथे पॅकिंगला होती तेव्हा पोत्यातून एखादं सुटं पुस्तक मागून आणायची, पानं फाटलेली असली तरी. पुढे तिच्या डोळ्यांचे पडदे गेले. तेव्हा मामा म्हणाला, मी आहे ना. आणि खरोखर होता. रोज सकाळी आई खुर्चीत बसून मामाचा एक लेख ऐकायची आणि दुपारी मला फोन करून गोगलगाईला किती दात असतात ते सांगायची.

आता माझ्या बाबांबद्दल. ते त्याच कारखान्यात बॉयलरवर होते. मी तीन वर्षांची असताना दुसऱ्या पाळीत, दुपारी सव्वाचारला बॉयलर फुटला. बाबा धरून पाच माणसं गेली. चौकशी झाली आणि निघालं ते असं की बॉयलरवाला कामावर झोपला होता. झालं, सगळं खापर बाबांवर फुटलं. उरलेल्या चौघांच्या घरच्यांनी आईशी बोलणं टाकलं. तरीही कारखान्याने मोठ्या मनाने तिला पॅकिंगमध्ये घेतलं आणि आई बावीस वर्षं मान खाली घालून तिथे काम करत राहिली. मी शाळेत ‘झोपाळूची पोर’ होते. एकदा एकीचे केस ओढून घरी आले तेव्हा आईने मलाच मारलं.

दोन वर्षांपूर्वी कुणीतरी त्या कारखान्यावर ज्ञानकोशात लेख लिहिला. स्थापना, यंत्रं, उत्पादन आणि शेवटी ‘दुर्घटना’ असा एक परिच्छेद, त्यात गेलेल्या पाचांची नावं. मी आईजवळ बोलून गेले आणि तिने धरूनच ठेवलं. म्हणाली, त्यांचं नाव कुठेतरी छापलंय तर मला ऐकायचंय, दादाला वाचू दे. त्यात काय असणार हे तिला ठाऊक होतं. तरीसुद्धा तिला नाव ऐकायचं होतं.

मामा टाळत राहिला. घसा बसलाय, माइकमधून खरखर येते, समोरच्या घराचं बांधकाम चालू आहे. मी म्हटलं, तेवढं झोपेचं एक वाक्य गाळून वाच आणि टाक, घरातल्या घरात कोण बघतंय. तर केवढा भडकला. एक शब्द इकडचा तिकडे होणार नाही म्हणाला. मग मला कळलं की तो लेखाच्या चर्चा-पानावर भांडतोय. बॉयलरवाला झोपल्याचं वाक्य काढा, असं त्याने चार वेळा लिहिलं होतं. समोरच्या संपादकांची दर वेळी एकच विचारणा, आपल्याकडे पुरावा काय? वाक्याखाली चौकशी अहवालाचा संदर्भ दिलेला होता, तो खोडणारा दुसरा काही संदर्भ आहे का? मामा लिहायचा, मी तिथे नोकरीला होतो. ते लिहायचे, वैयक्तिक आठवण ग्राह्य धरता येत नाही. बाबांसाठी हा एकटा माणूस एवढा झगडतोय हे वाचून मला भरून आलं होतं.

शेवटी एके दिवशी त्याचं रेकॉर्डिंग आलं. मी कानाला हेडफोन लावून बसले. यंत्रं, उत्पादन, सगळं एका दमात, कुठे अडखळणं नाही. मग दुर्घटनेचा परिच्छेद आला. ‘बॉयलरवरील कर्मचारी कामाच्या वेळी झोपल्याने...’ आणि टाळी. पुन्हा तेच वाक्य, पुन्हा टाळी. शब्द एकही चुकलेला नव्हता. असं सात वेळा. सातव्या टाळीनंतर कपाटाचं दार वाजलं आणि रेकॉर्डिंग संपलं. मी रडले. आणि मनाशी ठरवलं की मामाला हवा तो पुरावा मी शोधून आणणार.

दवाखान्यातून रजा घेऊन मी जुन्या सरकारी कागदांच्या कचेरीत तीन हेलपाटे घातले. तिसऱ्या खेपेला तिथल्या कारकुनाने अहवालाची झेरॉक्स हातात दिली. एकोणचाळीस पानं होती. मी ती तिथेच बाकावर बसून वाचली. सेफ्टी व्हॉल्व्हची तपासणी झाली होती की नाही यावर एक अक्षर नव्हतं. झोपेबद्दल मात्र एक साक्ष होती, एकच, आणि सगळा निकाल तिच्यावर उभा होता. ‘मी चार वाजता बॉयलर-घरापाशी गेलो असता सदर इसम बाकावर गाढ झोपलेला आढळला.’ खाली साक्षीदाराचा हुद्दा, टाइमकीपर, आणि सही. तीच सही माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर पालक म्हणून होती.

मी सरळ मामाकडे गेले. तो शर्टाला इस्त्री करत होता. मी झेरॉक्स त्या शर्टावरच ठेवली. त्याने चष्मा लावला, बघितलं आणि आधी इस्त्री बंद केली.

“तू बघितलं होतंस त्यांना झोपलेलं?”

“नाही,” तो म्हणाला. “चार वाजता ते मॅनेजरच्या दारात उभे होते. व्हॉल्व्ह अडकलाय, बॉयलर थंड करू द्या म्हणत होते. माझी खिडकी समोरच होती. मॅनेजरने त्यांना परत आत पाठवलं.”

मग तो भडाभडा बोलत सुटला. मॅनेजर म्हणाला, ठपका कुणावर तरी जाणारच आहे, जो मेला त्याच्यावर गेला तर त्याचं काय बिघडतं. सही केलीस तर तुझी नोकरी राहील आणि बहिणीला पॅकिंगमध्ये घेतो. मामा मला विचारत होता की दुसरं काय करायला हवं होतं, तुम्हा दोघींच्या तोंडात घास कुठून पडला असता. त्याच घासावर मी वाढले होते, आणि मामाचा आला तितकाच राग मला याचाही आला. सात टाळ्यांचा अर्थही तेव्हा लागला. सही करायला नुसता हात लागतो, कुणाला दिसत नाही. वाचायला तोंड लागतं, आणि ऐकायला त्याची बहीण बसली होती.

मी त्याला म्हटलं, आईला तू सांगायचंस. मी नाही सांगणार आणि तू सांगेपर्यंत तुझं तोंड बघणार नाही. आठ दिवस लावले त्याने. नवव्या दिवशी सकाळी आला तेव्हा आई पलंगावर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती, बोटांनी शिवण चाचपून कुठला कपडा कुणाचा ते ओळखत. मामाने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, काही राखलं नाही. आईचे हात थांबले नाहीत.

“चार वाजता ते जागे होते?” तिने विचारलं.

“हो.”

“नक्की?”

“माझ्या डोळ्यांसमोर उभे होते.”

आईने हातातल्या टॉवेलची घडी पुरी केली. “पोरीला ताप होता,” ती म्हणाली. “चार रात्री मी एकटीने काढल्या आणि पाचव्या रात्री त्यांना म्हटलं, आज तुम्ही बसा. तेहेतीस वर्षं मी मनात म्हणतेय, त्यांना झोपू दिलं असतं तर पाच माणसं वाचली असती. हे मी जगात एकट्या तुला सांगितलं होतं, दादा. बॉयलर फुटला त्याच आठवड्यात. आठवतं?”

मामाने चष्मा काढून खिशात ठेवला.

“तू म्हणालास, मनाला लावून घेऊ नकोस.”

एवढंच. तिने रडारड केली नाही, शिव्या दिल्या नाहीत. मामा उभा राहिला, बस म्हणण्याची वाट पाहत असावा. तिने बस म्हटलं नाही. तिच्या घड्या संपेपर्यंत तो थांबला आणि मग गेला.

त्या दिवशी त्याने चर्चा-पानावर स्वतःचं खरं नाव घालून लिहिलं, अहवालातली साक्ष माझी आहे आणि ती खोटी आहे. उत्तर तासाभरात आलं. आपल्या भावना आम्ही समजू शकतो, परंतु आपलं म्हणणं कुठे प्रसिद्ध झालेलं असल्यास त्याचा संदर्भ द्यावा. कुठे प्रसिद्ध होणार? कारखाना बंद, मॅनेजर मेलेला, तेव्हाची वर्तमानपत्रं लगद्यात गेलेली. त्याचं खोटं पुरावा म्हणून चाललं आणि त्याचं खरं चालत नाही. मला हसू आलं, आणि पहिल्यांदाच त्याची कीव आली नाही.

पुढच्या महिन्यात दुसऱ्याच कुणी तरुण मुलीने तो लेख वाचून चढवला. छान वाचलाय, ते वाक्यसुद्धा. मामा अजून वाचतो. अधूनमधून मला फाइल पाठवतो, मी ती साफ करत नाही. मग तो खोकल्यासकट चढवतो.

आईने मला तिच्या फोनवर यंत्राचा आवाज लावून द्यायला सांगितलं, लिहिलेलं आपोआप बोलून दाखवणारा. तो आवाज भयानक आहे. कुठेही थांबतो, सालाचे आकडे एकेक करून वाचतो, बाईमाणसाचं आणि दगडाचं वर्णन एकाच सुरात करतो. मला दोन मिनिटंही सहन होत नाही. मी म्हटलं, आई, मी वाचत जाईन, नाहीतर चांगलं वाचणारं दुसरं कुणी बघते.

“नको,” ती म्हणाली. “हाच बरा. आपण काय वाचतोय ते याला ठाऊक नसतं.”