तिसरी बाटली

ती घटना आठवली की मला आजही आधी हसू येतं, मग लाज वाटते.

मी सातवी पास. शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार होऊन निवृत्त झालो. शिकलेल्या साहेबांनी बाजूला टाकलेले कितीतरी गुन्हे मी उघडकीस आणले. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझीच फजिती आहे.

तेव्हा मी घाटंजी भागात होतो. भर उन्हाळ्यात ठाण्यात फोन आला. एका म्हातारीच्या दुधात फॉर्मालिन असतं, म्हणजे प्रेत टिकवायचं औषध. तिचं दूध एवढ्या उन्हातही नासत नाही, असं फोनवाला म्हणाला. ठाणे अंमलदाराने डायरीत नोंद घेतली आणि तपास माझ्याकडे आला.

नियमाने अन्न खात्याच्या अधिकाऱ्याला बोलावून नमुना घ्यायचा असतो. ते दोन दिवसांनी येणार होते. मी कशाला थांबतो! जुन्या एका धाडीच्या वेळी तेच ठाण्यात विसरून गेलेला बाटल्यांचा खोका कपाटात होता. त्यातल्या दोन घेतल्या, पंचांसमोर म्हातारीचं सकाळ-संध्याकाळचं दूध भरलं, लाख लावून सील केलं. सील करण्याआधी त्याच बाटल्यांतलं थोडं दूध संकलन केंद्रावर तपासून घेतलं होतं. नळीत ॲसिड सोडताच जांभळं कडं उमटलं, ती फॉर्मालिनची खूण. माझ्या दृष्टीने गुन्हा शाबीत.

म्हातारीला ठाण्यात आणलं. पासष्टीची, विधवा, दोन म्हशींवर घर चालवणारी. बाकावर अशी बसली, जणू मीच तिच्या दारी आलोय.

“दूध नासत कसं नाही तुझं?” मी विचारलं.

“क्यान दोरानं हिरीत सोडतो. थंडा राह्यते. पाह्यले कोणी येत नाई, बोलाले सारे येतेत.”

“आणि औषध कोणतं टाकतेस?”

“जमादार, माह्या म्हशीच्या दुधात मी कायले जहर टाकू? माहा नातू तेच दूध पेते.”

मी आवाज चढवला. तिने पदर सावरला आणि माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात म्हणाली, “तुह्या घरी गाय हाय ना? मंग तिचंबी दूध घेऊन जाय माह्या दुधासंगं. पाहू कोनाचं चोख निंगते ते!”

ठाण्यातले शिपाई तोंडं फिरवून हसले. मला राग आला. खोक्यातली तिसरी बाटली काढली, घरी गेलो आणि आमच्या गाईचं दूध भरलं. म्हटलं, बुढीची चांगली जिरवतो.

तोवर गावात बातमी पसरली होती. तिची सगळी गिऱ्हाईकं तुटली. रोजचं दूध ती उकिरड्यावर ओतत होती. अहवाल विरुद्ध आला असता तर अटक ठरलेली, आणि म्हशी विकत घ्यायला एक माणूस टपलेलाच होता. तो ठाण्यात चौकशीला आला तेव्हा ठाणे अंमलदाराने आवाजावरून ओळखलं, फोन करणारा तोच. तोही दूधच विकायचा.

बर्फाच्या डब्यात तिन्ही बाटल्या घेऊन मी स्वतः नागपूरच्या प्रयोगशाळेत गेलो. तिथल्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी लहान कुपीत थोडं दूध घेतलं, झाकण लावलं आणि वरून एक सुई खुपसली. सुईतून केसासारखा धागा बाहेर आला. दुधाला न शिवता वरच्या हवेत लटकत राहिला.

“हा काय करतो?” मी विचारलं.

“धाग्याला लेप असतो, काका. दुधातून जी विषारी वाफ निघते, तेवढीच तो धरून ठेवतो. मग धागा मशीनमध्ये घालायचा. किती विष आहे तेही कळतं.”

मला एकदम पटलं. म्हटलं, “म्हणजे जत्रेत सोडलेला साध्या वेशातला शिपाई. गर्दीतून पाकीटमार तेवढा धरून आणतो.”

मॅडम हसल्या. दुपारी कागद घेऊन आल्या तेव्हा मात्र हसत नव्हत्या. “ही तिसरी बाटली कुणाची?”

“माझ्या घरची.”

“मग तुम्हालाही अटक करावी लागेल. तिन्ही बाटल्यांत फॉर्मालिन आहे, आणि अगदी सारखंच आहे.”

मी ताडकन उठलो. “माझ्या गाईच्या दुधात मी कशाला विष टाकू?”

तोंडातून निघालं आणि लक्षात आलं. हे वाक्य म्हातारीचं होतं.

मॅडमनी शांतपणे विचारलं, “रिकामी बाटली आहे का?” पिशवीत त्याच खोक्यातली एक होती. त्यांनी त्यात साधं पाणी भरलं, धागा सोडला. पाण्यातही तेवढंच विष निघालं! मॅडमनी सांगितलं, दुधाचा नमुना प्रयोगशाळेत पोचेपर्यंत नासू नये म्हणून अन्न खातं बाटलीत मोजून फॉर्मालिनचे थेंब टाकतं आणि तसं कागदावर लिहितं. त्या बाटल्यांत थेंब आधीच टाकून ठेवले होते. मी ते पाणी समजलो.

“वास नाही आला, काका?”

चाळीस वर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन नाक कामातून गेलेलं.

मग रीतसर अधिकाऱ्यांकडून म्हातारीच्या दुधाचा नमुना नव्याने घेतला, थेंबांची नोंद करून, आणि एक स्वच्छ बाटली थेंबांशिवाय, बर्फात. या दुसऱ्या बाटलीतून धागा जवळपास रिकामाच आला. कुठल्याही दुधात निसर्गतः असतं तेवढंच, मॅडम म्हणाल्या.

वरिष्ठांना मी माझी चूक लेखी दिली. ते सोपं होतं. गाव मात्र कागद वाचत नाही. म्हणून आठ दिवस गणवेशात म्हातारीच्या क्यान माझ्या मोटारसायकलला बांधून घरोघरी फिरलो. प्रत्येक दारात आधी मी कपभर प्यायचो, मग लोक भांडं पुढे करायचे. पोट बिघडलं, पण गिऱ्हाईकं परत आली. म्हशी दावणीला राहिल्या.

चार दशकं मी दुसऱ्यांचे हात तपासले. स्वतःचे तपासायला मला एका म्हातारीने आणि केसाएवढ्या धाग्याने शिकवलं.

आता आमची गाय नाही. दूध तिच्याकडूनच येतं. दारात आली की अजून विचारते, “जमादार, बाटली तं नाई ना आनली?” मी तिच्यासमोर भांडं धुतो, उलटं करून दाखवतो, आणि मगच पुढे धरतो.