सोळाव्या प्रकरणाचं रफू

पुस्तक आलं तेव्हा रफूवाले एका कोटाच्या कोपराशी झुंजत होते. पार्सल फोडायला त्यांनी कात्री घेतली नाही. कागदावर चालवली की कापडाची कात्री बिघडते. दातांनी चिकटपट्टी तोडली आणि आतून मुलीची कादंबरी निघाली. इंग्रजी. मागच्या पुठ्ठ्यावर तिचा फोटो आणि कपाळावर तिच्या आईची ती आठी, फोटोग्राफरलाही न हटलेली. पहिल्या कोऱ्या पानावर तिने मराठीत लिहिलं होतं : बाबा, तुम्ही वाचायच्या फंदात पडू नका. सहा महिन्यांनी येते आहे, तेव्हा मीच सांगेन सगळं.

रफूवाले सातवी शिकलेले. इंग्रजी यायचं ते कपड्यांच्या लेबलांपुरतं : गार पाण्यात धुवा, पिळू नका. पण या पुस्तकात एक बाप आहे, एवढं त्यांना शेजारच्या इस्त्रीवाल्याच्या मोबाइलवरून कळलं होतं.

"तुमच्यावरच लिहिलंय म्हणे," इस्त्रीवाला म्हणाला. "आता काय, मोठी माणसं तुम्ही! आम्हाला ओळख द्याल ना?"

रफूवाल्यांना हसू आलं नाही. नऊ वर्षांपूर्वी मुलगी लांब शिकायला निघाली, त्याच्या आदल्या दिवशी ते म्हणाले होते, "जायचं तर जा. मी सोडायला येणार नाही." बायको जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि घरात उरलेलं एकुलतं माणूस बॅग भरत होतं. सकाळी ती एकटीच गेली. मागोमाग तेही गेले. बस वळेपर्यंत स्टँडवर एका खांबाआड उभे राहिले, आणि परत येऊन दुकान उघडलं. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, फोनवर मुलीलाही नाही. मग सांगायची वेळ निघून गेली. वेळ निघून गेलेली गोष्ट टाळूला चिकटते, गिळता येत नाही आणि थुंकताही येत नाही.

ती समोर येऊन उभी राहण्याआधी, तिच्या पुस्तकात आपण कोण आहोत ते त्यांना कळून घ्यायचं होतं. तिच्या तोंडून नको. ती जपून सांगेल.

त्यांनी जाडजूड शब्दकोश आणला. पहिल्या पानाला नऊ दिवस लागले. शब्द सापडायचा, पण त्याच्यापुढे सात अर्थ दवाखान्यातल्या पेशंटांसारखे रांगेत बसलेले असायचे, आणि आधी कुणाला आत घ्यायचं ते कळायचं नाही. पानाच्या तळाशी पोचेपर्यंत वरची माणसं विस्मरणात गेलेली असायची.

मास्तरीणबाई दुकानात आल्या त्या कोटाला कसर लागली म्हणून. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे वाचन बंद. आवाज मात्र अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

"हा एवढा ठोकळा कसला?"

"शब्दकोश, बाई. मुलीचं पुस्तक आहे. एकेक शब्द काढतोय."

"शब्द काढताय की दात? मिटा तो आधी." त्या स्टुलावर बसल्या. "कोटाला भोक पडलं की तुम्ही आधी काय बघता?"

"कडा बघतो. धागा कुठून येतोय, कुठे चाललाय."

"मग इथंही तेच करा. पान संपेपर्यंत थांबायचं नाही. अडलं तिथं खूण करा आणि चालू लागा. कडा समजल्या की निम्मं भोक बुजतं. पान झालं की मग कोशात तीन शब्द बघायचे. तीनच."

"आणि वाक्यच्या वाक्य अडलं तर? सगळे शब्द ओळखीचे आणि अर्थ शून्य, असं होतं, बाई."

"ते शब्द टोळीनं हिंडणारे. एकेकाला बाजूला घेऊन दरडावलं तर काही कबूल करत नाहीत. मोठ्यांदा वाचा. कोण बोलतंय, कुणाशी, रागानं की लाडात, एवढं आधी लागू दे. टोळी आपोआप हाती लागते."

जाताना त्यांनी अट घातली. दर शनिवारी रफूवाल्यांनी त्यांना एक प्रकरण सांगायचं. अर्थ त्या सांगणार नाहीत, फक्त ऐकणार.

रफूवाले सांगू लागले. पहिल्या शनिवारी सांगण्यापेक्षा गप्प राहणंच जास्त झालं. "इथं ती बाई काहीतरी करते, काय ते लागलं नाही." "हा म्हातारा चिडलाय, पण कशावर ते कळलं नाही, बाई." बाई म्हणायच्या, "चिडलाय एवढं कळलं ना? पुढे." आठव्या शनिवारी मात्र ते मध्येच हसले. पुस्तकातल्या विनोदाला हसले, कुणी न सांगता. बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं, की त्यांना वर्गात पहिला नंबर आल्यासारखं वाटलं.

सोळावं प्रकरण त्यांनी घडाघडा सांगितलं. मुलगी निघते. बाप घरी दाराला कडी घालून बसतो. स्टँडवर ती वळून बघते, कुणी नसतं. बस सुटते. बाप हात हलवायलासुद्धा आलेला नाही. आपल्याला बाप नव्हताच, असं ती ठरवते. झालं.

बाईंनी स्टूल पुढे ओढलं.

"हे पुस्तकातलं नाही," त्या म्हणाल्या. "हे तुम्ही घातलंत."

"तुम्ही तर पुस्तक वाचलेलं नाही."

"तुम्हाला ऐकलंय ना! पंधरा शनिवार ठेचकाळत सांगितलंत. आज एकदाही अडखळला नाहीत. किती अडलं होतं, खरं सांगा."

रफूवाल्यांनी सुई गादीत खोचली. "दीड पान. बाप, बस, हात हलवला नाही, एवढंच लागलं. बाकी..."

"बाकी विणलंत."

हात असे सवयीचे गुलाम असतात. चाळीस वर्षं त्यांनी एकच कसब जपलं होतं : भोक कुठे होतं ते मालकालाही सापडता कामा नये. त्यासाठी धागा बाहेरून आणत नाहीत, कापडाच्याच आतल्या दुमडीतून, न दिसणाऱ्या भागातून उपसतात. इथंही त्यांनी तसाच उपसला होता, फक्त दुमड त्यांची स्वतःची होती.

"मग काय, भोक तसंच उघडं ठेवू?" त्यांनी विचारलं.

"ठेवा की. लाल धागा घाला त्यात, लांबून दिसू दे. न कळलेलं दिसायलाच हवं, रफूवाले. झाकलं की ते कायमचं जातं."

रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून त्यांनी त्या दीड पानात अडेल तिथं लाल धाग्याचा तुकडा ठेवला. एकोणीस तुकडे झाले. मग मोठ्यांदा वाचलं. पुन्हा वाचलं. कोशात तीन शब्द बघितले, पुन्हा वाचलं. चौथ्यांदा वाचताना एक खांब उभा राहिला. खांबाआड एक माणूस. त्याने तोंड बसच्या वेळापत्रकात खुपसलेलं, जणू त्यालाही कुठेतरी जायचंय. वेळापत्रक गेल्या वर्षीचं, आणि चष्मा कपाळावर. खिडकीतून मुलगी हे सगळं बघते आहे. तिने हात हलवला नाही. आपण सापडलो असं त्याला वाटू नये म्हणून. शहर मागे पडेपर्यंत तिने तो हात दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

रफूवाल्यांनी पुस्तक मिटलं नाही. त्यावर पालथा तळवा ठेवून नुसते बसून राहिले. नऊ वर्षं तिला माहीत होतं. नऊ वर्षं ती त्यांना जपत होती.

पुढच्या शनिवारी त्यांनी सोळावं प्रकरण परत सांगितलं, सात ठिकाणी थांबून. तितके लाल धागे अजून शिल्लक होते. सांगून झाल्यावर ते बाईंचे आभार मानू लागले.

"राहू द्या," बाई पदराने डोळे टिपत म्हणाल्या. "मोतीबिंदूचं पाणी आहे हे. सतरावं सांगा."

मुलगी यायच्या दिवशी ते तासभर आधी स्टँडवर गेले. खांब तिथंच होता. ते त्याच्यापुढे, पार मोकळ्यात उभे राहिले आणि पहिली बस दिसताच हात हलवू लागले. ती भलतीच बस निघाली. आतल्या दोघातिघांनी उलट हात हलवला. दुसऱ्या बसलाही त्यांनी हात हलवला, तिसऱ्यालाही.

चौथीतून मुलगी उतरली. त्यांच्या बगलेतलं पुस्तक आणि पानांतून लोंबणारे लाल धागे बघून ती जागीच थांबली.

"सात ठिकाणी अडलंय," ते म्हणाले. "बाकी सगळं लागलं."

तिने हात पुढे केला आणि कपाळावरचा चष्मा त्यांच्या नाकावर आणून ठेवला.